पंधरा फेऱ्या

सकाळपासून डिचोलीत पाऊस धो धो. लेकीची मैदानावरची प्रॅक्टिस बुडाली, म्हणून दुपारी तिला मोबाईलवर २०२४ च्या ग्लासगोच्या जागतिक इनडोअर स्पर्धेतली बायकांची ३००० मीटरची शर्यत लावून दिली. इनडोअर ट्रॅक २०० मीटरचाच, त्यामुळे पंधरा फेऱ्या. वळणं बाहेरच्या बाजूने उचललेली, नाहीतर त्या वेगात पाय सुटेल.

पुढे इथिओपियाची गुडाफ त्सेगाय, तेव्हाची ५००० मीटरची विश्वविक्रमवीर. अमेरिकेची एल सेंट पियर तिला चिकटून. शेवटच्या फेरीत एल पुढे निघाली आणि माझ्या अंगावर काटा आला. वेळ ८:२०.८७. त्सेगाय फक्त ०.२६ सेकंद मागे!

लेकीला सांगितलं, एलला तेव्हा वर्षभराचाही नसलेला मुलगा होता, आणि घरी गाईंचा गोठा आहे. सासूबाई भाजी निवडता निवडता थांबल्या. "म्हणजे बाळंतपण, गोठा, आणि वर हे?" त्यांनी शर्यत पुन्हा लावायला लावली. चष्मा पुसून, अगदी शेवटपर्यंत बघितली.

मी बाळंतपणानंतर धावणं सोडलं. कोणी सोडायला सांगितलं नव्हतं, पण परत ये असंही कोणी म्हटलं नाही. आज संध्याकाळी सासूबाईच म्हणाल्या, "देवळाच्या सभामंडपात पाऊस लागत नाही गो. जा दोघी."

गेलो. खांबांच्या कडेने पंधरा फेऱ्या. थंडगार फरशी, अनवाणी पाय. अकराव्या फेरीला मला धाप लागली, तर लेकीने मागे वळून हात पुढे केला. अजून पोटऱ्या दुखताहेत. उद्या परत जाणार आहोत.