उशी गुडघ्याखाली नाही, टाचेखाली

गुडघ्याच्या ऑपरेशनला परवा चौदा महिने झाले. "ताई, किती महिन्यांत खेळायला लागलीस?" असं विचारणाऱ्या मुलींना तेच तेच टाइप करून बोटं दुखली, म्हणून एकदाच सगळं इथं लिहून टाकते.

मी कबड्डीत डावा कोपरा खेळते. कराडजवळच्या एका स्पर्धेत उपांत्य सामना होता. समोरची चढाईला आली, बोनसला पाय टाकला आणि मी चवडा काढायला, म्हणजे तिचा टाकलेला पाय पकडायला, वळले. माझा पाय मॅटला चिकटून राहिला, अंग तेवढं फिरलं. मला कुणी बोटही लावलं नव्हतं. आतून 'कट्' असा आवाज आला, तो शेजारच्या मुलीलाही ऐकू गेला. मातीवर असतीस तर पाय सरकला असता, असं आमचे सर अजून म्हणतात. असेलही.

रात्रीत गुडघा नारळाएवढा झाला. एक्स-रेत हाड शाबूत, म्हणजे मुका मार, असं ठरलं. गावात एकांकडून चोळून, पट्टी बांधून घेतली. तीन आठवड्यांत नीट चालू लागले, तशी लगेच सरावाला उतरले. मागे सरता सरता गुडघा पुन्हा निसटला आणि मी खाली. मग एमआरआय. मांडीचं हाड आणि नडगी यांना आतून तिरकं बांधून ठेवणारा एसीएल नावाचा पट्टा पूर्ण तुटला होता आणि दोन हाडांमधली गादीही फाटली होती. गादी बहुधा दुसऱ्या वेळी गेली, असं डॉक्टर म्हणाले. ते तीन आठवडे मला अजून खुपतात.

ऑपरेशन सोपं होतं, कारण ते डॉक्टरांनी केलं! कमरेत इंजेक्शन, दुर्बिणीची छोटी भोकं. त्याच पायाच्या मांडीमागची शीर (रक्ताची नाही, स्नायूला हाडाशी बांधणारी) काढून, चारपदरी करून, हाडात बोगदे पाडून तुटलेल्या एसीएलच्या जागी ओवली. वर धातूचं बटण, खाली स्क्रू. फाटकी गादी तेवढी कातरली. ड्रिलचा आवाज मात्र ऐकू येत होता.

खरा खेळ घरी. दुखतंय म्हणून आईनं गुडघ्याखाली मऊ उशी सरकवली. काय बरं वाटलं म्हणून सांगू! दहाव्या दिवशी फिजिओ मॅडमनी पाहिलं आणि आधी उशी ओढली. "पाय वाकलेलाच राहिला तर आयुष्यभर लंगडशील. उशी टाचेखाली." टाच वर, गुडघा अधांतरी, आणि तो आपल्या वजनानं सरळ व्हायची वाट बघायची. दहा मिनिटांत डोळ्यांत पाणी. आई स्वयंपाकघरात निघून जायची.

त्याहून विचित्र म्हणजे मांडी. "आवळ" म्हटलं तरी आवळेना. सुजलेल्या गुडघ्यामुळे मेंदूच त्या स्नायूला बंद करून ठेवतो, हे तेव्हा कळलं. गुडघ्याच्या वर दहा सेंटीमीटरवर टेप लावली तर डावी मांडी उजवीपेक्षा ३ सेंटीमीटरनं बारीक. ज्या मांडीवर मी पोरी अडवायचे, ती!

तिसरा महिना सगळ्यात फसवा. सूज गेली, जिना उतरता यायला लागला, वाटलं झालं. मॅडम म्हणाल्या, आत्ताच सांभाळ. ओवलेली शीर सुरुवातीला निर्जीव असते. शरीर तिच्यात नव्या रक्तवाहिन्या घालून तिला नव्यानं घडवतं, आणि त्या काळात ती ऑपरेशनच्या दिवशीपेक्षाही कच्ची असते. २०१६च्या एका अभ्यासाचंही त्यांनी सांगितलं: नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितके महिने लांबवाल, तितक्या वेळा पुन्हा दुखापतीचं प्रमाण जवळजवळ निम्म्यानं उतरतं. मी गणित केलं आणि पोलीस भरतीचा फॉर्म बाजूला ठेवला. पप्पा दोन दिवस बोलले नाहीत.

त्याच दिवसांत मोबाइलवर कुस्तीपटू विनेश फोगाटची रिओ ऑलिंपिकमधली लढत पाहिली. २०१६, उपांत्यपूर्व फेरी, गुडघा गेला आणि स्ट्रेचरवरून बाहेर. आई मागे उभी. "ही परत उभी राहिली का गं?" २०१८ला जकार्तात आशियाई सुवर्ण घेतलं, मी म्हणाले. आई काही बोलली नाही, पण संध्याकाळी टाचेखाली उशी तिनंच ठेवली.

आठव्या महिन्यात एका पायावर तीन उड्या मारून अंतर मोजलं. दुखऱ्या पायाचं चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के हवं, माझं ८२ भरलं. परत जिम. दहाव्या महिन्यात ९३ आलं, तेव्हा मॅटवर पाय ठेवला, तोही आधी नुसता पदलालित्याचा सराव. पकडीला तेराव्या महिन्यात परवानगी मिळाली. टाक्यांशेजारचा कातडीचा तुकडा अजून बधिर आहे. चवडा काढायला गुडघा टेकला की तिथं मॅट लागतच नाही, दुसऱ्याचाच गुडघा टेकल्यासारखं वाटतं.

परवा शेजारच्या काकूंच्या गुडघ्याची वाटी बदलली, म्हणून आई बघायला गेली. परत येऊन म्हणाली, "उशी गुडघ्याखाली ठेवली होती त्यांनी. मी काढून टाचेखाली सरकवली. रागावल्या माझ्यावर."