आयोवातली कॉकसची रात्र

शिकागोचे दिवस थंडीत आणि खरेदीत गेले, त्यांचं सोडून देते. सांगायचंय ते 15 जानेवारी 2024 च्या संध्याकाळबद्दल. आयोवा राज्यात दे मॉइनजवळ मावसबहिणीकडे मुक्काम होता. बाहेर उणे वीसच्या आसपास, अशा हवेत शेजारच्या आजी रिपब्लिकन पक्षाच्या कॉकसला निघाल्या आणि मलाही बघायला घेऊन गेल्या.

कॉकस म्हणजे राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण असावा हे ठरवण्याची पहिली पायरी; दिवसभर चालणारं मतदान नव्हे, सात वाजता भरणारी सभा. शाळेच्या हॉलमध्ये आधी प्रार्थना झाली, मग प्रत्येक उमेदवारासाठी कुणीतरी दोन शब्द बोललं आणि शेवटी चिठ्ठीवर नाव लिहून दिलं. अशा रात्री घराबाहेर पडायला नुसतं मत असून भागत नाही, सोबत लागते. ती चर्च पुरवतं. ‘मी गाडी आणते, तयार राहा’ असे फोन आजी दुपारपासून करत होत्या. 1988 साली टीव्हीवरचे धर्मोपदेशक पॅट रॉबर्टसन इथे थोरल्या बुशना मागे टाकून दुसरे आले, 2008 साली एकेकाळचे बाप्टिस्ट पाळक माइक हकबी जिंकले, ते याच जोरावर. मग 2012 ला सँटोरम, 2016 ला क्रूझ. उमेदवारी मात्र यातल्या एकालाही मिळाली नाही.

यावेळी राज्यातले वजनदार इव्हँजेलिकल (बायबलनिष्ठ प्रोटेस्टंट) नेते बॉब व्हँडर प्लाट्स ट्रम्प यांचे प्रतिस्पर्धी डिसँटिस यांच्या बाजूने होते, गव्हर्नर किम रेनॉल्ड्सही. तरी ट्रम्प यांना 51 टक्के मतं पडली आणि 99 पैकी 98 काउंट्या त्यांनी घेतल्या. आजींना विचारलं तर म्हणाल्या, “मत कुणाला द्यायचं ते मला कुणी सांगायची गरज नाही. ट्रम्पनी न्यायाधीश नेमले म्हणून गर्भपाताचा हक्क देणारा रो निकाल गेला. पन्नास वर्षं आम्ही त्यासाठी प्रार्थना केली.”

हे मी समजू शकते. मी नगरची ख्रिस्ती. अमेरिकन मिशनरी 1813 साली मुंबईत उतरले, 1831 पासून नगरला राहिले, आणि आमच्या घरात शुभवर्तमान आलं ते त्यांच्यामुळे. आजींनी हात धरून माझ्या आईसाठी प्रार्थना केली तेव्हा मला घरच्यासारखं वाटलं.

म्हणूनच पुढचं लागलं. एका वक्त्याने सीमेवरून येणाऱ्यांना घालवून देण्याची भाषा केली आणि त्याला सगळ्यात मोठ्या टाळ्या पडल्या. आजींनीही वाजवल्या. परतताना मी त्यांना मत्तयाचा 25 वा अध्याय काढून दाखवला, परक्याला घरात घेण्याबद्दलचा. “ते आपल्यासाठी आहे, सरकारसाठी नाही,” त्या म्हणाल्या. मी विचारलं, मग गर्भपाताचा कायदा सरकारने का करायचा? घर येईपर्यंत आम्ही भांडलो. मला त्यांचं म्हणणं अजूनही पटलेलं नाही. ज्या मंडळीत एवढी ताकद आहे की पक्षाला न्यायाधीश बदलायला लावते, तिने त्या ताकदीतली थोडी सीमेवरच्या माणसांसाठीही वापरावी, एवढं माझं मागणं आहे.