सेकंड इयरला लिनिअर अल्जिब्रासाठी पुस्तक ठरवताना

माटुंग्याच्या फुटपाथवर घेतलेलं हॉफमन आणि कुंझे यांचं पुस्तक माझं लाडकं. त्यामुळे हा विषय पहिल्यांदा शिकवायला मिळाला तेव्हा डोळे मिटून तेच सांगितलं. तीन आठवड्यांनी डोंबिवलीहून येणारी एक मुलगी पुस्तक घेऊन आली. ‘‘मॅडम, समीकरणं कधी येणार?’’ समीकरणं दोनच पानं पुढे होती. पण सुरुवातीलाच ‘फील्ड’ची (बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार नीट चालतात अशा संचाची) व्याख्या, आणि गाडी तिथेच अडकलेली.

पुढच्या वर्षी लायब्ररीत चार मुलांना बसवलं, समोर तीन पुस्तकं ठेवली. वाचा आणि एकमेकांना समजावा, मी तोंड उघडणार नाही. (हे फार जड गेलं.)

अ‍ॅक्सलरचं पुस्तक मला सगळ्यात देखणं वाटतं, शिवाय चौथी आवृत्ती रीतसर मोफत मिळते. पण त्यात डिटरमिनंट, म्हणजेच निश्चयक, पार शेवटी. आमची मुलं दहावीत क्रेमरच्या पद्धतीसाठी निश्चयक घोटून आलेली. ‘‘निश्चयकाशिवाय आयगेनव्हॅल्यू काढायची कशी?’’ (मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचा तक्ता, काही बाणांना त्यांच्याच रेषेवर ठेवून फक्त ताणते वा आखडते; किती पटीने, तो आकडा म्हणजे आयगेनव्हॅल्यू.) अ‍ॅक्सलरला ती आधी काढायचीच नसते, ती असते हे सिद्ध करायचं असतं. पेपरात मात्र ३×३ मॅट्रिक्स येते.

स्ट्रँगचं पुस्तक उघडल्यावर टेबलावर गलका सुरू झाला. २क्ष + य = ५, क्ष + ३य = ५ असं मीच कागदावर लिहून दिलं होतं. दोन रेषा एकमेकींना छेदतात, हे शाळेतलं चित्र. स्ट्रँग स्तंभांकडे बघायला लावतो: (२, १) हा बाण दोनदा, (१, ३) एकदा, की पोचलात (५, ५) वर. एक मुलगा पेन्सिल फिरवता फिरवता म्हणाला, ‘‘दोन्ही बाण एकाच रेषेवर असते तर लटकलो असतो की!’’ त्याने जे पकडलं त्यालाच लिनिअर डिपेंडन्स म्हणतात, आणि त्याची व्याख्या मी अजून फळ्यावर लिहिलीही नव्हती.

खोट एकच. स्ट्रँग गप्पा मारतो आणि सिद्धता त्या गप्पांत विरघळून जाते. आमच्याकडे प्रश्न येतो ‘प्रमेय मांडा व सिद्ध करा’. तिथे तिसरं पुस्तक, कुमरेसन यांचं, कामाला आलं. मुंबई विद्यापीठात शिकवलेले हे प्राध्यापक भूमितीचं बोट सोडत नाहीत, तरी प्रमेय प्रमेयासारखं मांडतात. पुस्तकही पातळ, लोकलमध्ये उभ्याने वाचता येईल असं.

फॉर्मवर ‘टेक्स्टबुक’च्या रकान्यात एकच नाव मावत होतं, तिथे कुमरेसन लिहिलं. स्ट्रँगच्या सुरुवातीच्या भागावर पहिले पंधरा दिवस घालवायचे, हे माझं मीच ठरवलं. हॉफमन-कुंझे रेफरन्समध्ये टाकलं. अगदी वगळवेना.