तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या पंचेचाळीस नंबरच्या जागेत एवढं काय आहे

भारतात आले की किंवा व्हिडिओ कॉलवर इलेक्शनचा विषय निघाला की एक प्रश्न ठरलेला असतो. काका असोत नाहीतर कॉलेजचा ग्रुप, "तुमच्या सिअ‍ॅटलकडे काय, सगळे डेमोक्रॅटच, निकाल आधीच ठरलेला, मग तू त्या राज्याच्या सिनेटच्या एका जागेबद्दल एवढं काय बोलत असतेस?" दरवेळी मी अर्धवट उत्तर देते आणि विषय बदलते, म्हणून आज सगळं सविस्तर लिहितेय.

आधी एक गोष्ट, कारण इथेच गल्लत होते. सिनेट म्हटलं की सगळ्यांना वॉशिंग्टन डीसीची सिनेट आठवते. मी बोलतेय ती वॉशिंग्टन राज्याची, ज्यात आमचं सिअ‍ॅटल येतं, राजधानी ऑलिंपिया. राज्याचे ४९ मतदारसंघ आहेत, प्रत्येकातून एक सिनेटर चार वर्षांसाठी आणि दोन प्रतिनिधी दोन वर्षांसाठी, तिघांची हद्द एकच. आपल्या विधान परिषदेसारखं आमदारांनी, पदवीधरांनी, शिक्षकांनी वेगवेगळं निवडून द्यायचं असं काही नाही, सिनेटरला लोक थेट मत देतात. एका मतदारसंघात साधारण १ लाख ५७ हजार लोक येतात, म्हणजे आपल्याकडच्या विधानसभा मतदारसंघापेक्षाही लहान. आणि ४९ जागा म्हणजे २५ ला बहुमत, त्यामुळे आकडे जवळजवळ असले तर एक जागा इकडची तिकडे झाली की सगळं राज्य फिरतं.

आमचा ४५ नंबरचा मतदारसंघ म्हणजे लेक वॉशिंग्टनच्या पूर्वेला कर्कलंड, रेडमंड, वुडिनव्हिल, सॅमामिश, डुव्हॉल यांचे भाग. (ही २०२२ पर्यंतची हद्द, त्यानंतर थोडी बदललीय.) आयटीवाले भरपूर, त्यात आपली मराठी मंडळीही भरपूर, आणि पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवली की घोड्यांचे तबेले आणि शेतं.

आता "सगळे डेमोक्रॅटच" याबद्दल. ही सिनेटची जागा कित्येक वर्षं रिपब्लिकनांकडे होती हो! १९९५ पासून बिल फिंकबायनर होते. ते १९९२ मध्ये हाउसमध्ये, म्हणजे प्रतिनिधींच्या सभागृहात, डेमोक्रॅट म्हणून निवडून आले, मग पक्ष बदलून रिपब्लिकन झाले आणि पुढे सिनेटमध्ये त्या पक्षाच्या गटाचे नेतेही झाले. समलिंगी लोकांना नोकरी, घर, विमा, कर्ज यात भेदभावापासून संरक्षण देणारं बिल या राज्यात १९७७ पासून येत होतं आणि पडत होतं. २००५ साली ते सिनेटमध्ये एका मताने पडलं, विरोधात मत देणाऱ्यांत फिंकबायनर होते. जानेवारी २००६ मध्ये तेच बिल परत आलं आणि या माणसाने आपलं मत बदललं, बाजूने मत देणारे ते एकमेव रिपब्लिकन सिनेटर, २५ विरुद्ध २३ ने बिल पास. एकोणतीस वर्षं अडलेली गोष्ट आमच्या जागेवरच्या एका माणसाने सोडवली, तेही स्वतःच्या पक्षाच्या विरोधात उभं राहून. मी डेमोक्रॅटांना मत देते, तरी माझ्या मते या जागेच्या इतिहासातला सगळ्यात धीराचा क्षण हाच.

त्या वर्षी फिंकबायनर परत उभे राहिले नाहीत, डेमोक्रॅट एरिक ओमिग निवडून आले, आणि २०१० मध्ये त्यांना अँडी हिल यांनी हरवलं. हिल रिपब्लिकन, आधी मायक्रोसॉफ्टमध्ये काम केलेले, कधी सिगरेट न ओढताही फुप्फुसाचा कॅन्सर झालेला आणि त्यातून बाहेर आलेले. इथल्या लोकांना ते आपल्यातलेच वाटायचे, डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्षाला मत देणारी माणसं राज्याच्या सिनेटसाठी हिलना मत द्यायची. २०१४ ला ते पुन्हा जिंकले.

मध्ये डिसेंबर २०१२ ला एक प्रकार झाला जो आपल्याकडच्या माणसाला लगेच कळेल. निवडणुकीत बहुमत डेमोक्रॅटांना मिळालेलं, पण रॉडनी टॉम आणि टिम शेल्डन हे दोन डेमोक्रॅट सिनेटर रिपब्लिकनांसोबत जाऊन बसले आणि सिनेटचा ताबा पलटला. इथे पक्षांतरबंदी कायदा नाही, अपात्रता नाही, अध्यक्षांकडे सुनावणी नाही, कोर्ट नाही, विषय संपला. त्या युतीत राज्याच्या बजेटची कमिटी हिल यांच्याकडे आली, म्हणजे शाळांचा पैसा, कॉलेजची फी, सगळं आमच्या सिनेटरच्या टेबलावरून जायचं. २०१५ मध्ये राज्याच्या कॉलेजांची फी चक्क कमी झाली ती याच काळात, आणि त्याचं श्रेय हिलना द्यायलाच हवं.

३१ ऑक्टोबर २०१६ ला हिल कॅन्सर परत उलटल्याने गेले.

इथला नियम असा की सिनेटर गेला तर त्याच्याच पक्षाचे स्थानिक पदाधिकारी तीन नावं देतात, काउंटी काउन्सिल (आपल्या जिल्हा परिषदेसारखी) त्यातलं एक निवडते, आणि पुढच्या नोव्हेंबरात उरलेल्या मुदतीसाठी पोटनिवडणूक. तात्पुरते आले डिनो रॉसी, तेच जे २००४ साली गव्हर्नरची निवडणूक हाताने केलेल्या फेरमोजणीत १२९ मतांनी हरले होते. ते पोटनिवडणुकीला उभे राहणार नव्हते. म्हणजे जागा मोकळी, आणि सिनेटमध्ये आकडा २५-२४, तोही शेल्डन रिपब्लिकनांकडे बसत होते म्हणून. गव्हर्नर डेमोक्रॅट, हाउस डेमोक्रॅट, फक्त सिनेट अडलेली. आता सांगा, एका जागेचं एवढं काय ते!

२०१७ चा तो उन्हाळा आणि त्यानंतरचे महिने मी विसरणार नाही. डेमोक्रॅटांकडून मंका धिंग्रा, भोपाळमध्ये जन्मलेल्या, किंग काउंटीच्या सरकारी वकील, घरगुती हिंसाचाराला तोंड देणाऱ्या दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करणारी संस्था उभी करणाऱ्यांपैकी एक. समोर रिपब्लिकन जिनयंग ली एंगलंड. आमच्या टपालपेटीत रोज जाड गुळगुळीत कागदाची पत्रकं, एकाच दिवशी दोन्ही बाजूंची, एकात जी व्यक्ती राज्य वाचवणार तीच दुसऱ्यात राज्य बुडवणार, टीव्ही लावला की जाहिरात, संध्याकाळी दारावर टकटक. दोन्ही बाजूंचा मिळून खर्च ८०-९० लाख डॉलरच्या घरात गेला, राज्याच्या विधिमंडळाच्या निवडणुकीतला तोवरचा विक्रम, आणि या पदाचा पगार तेव्हा वर्षाला पन्नास हजार डॉलरच्या आत. हा पैसा मला तेव्हाही खटकला आणि आजही खटकतो, मोठा वाटा बाहेरच्या गटांचा होता ज्यांना आमच्या रस्त्यांशी, शाळांशी काही घेणंदेणं नव्हतं, माझा उमेदवार जिंकला म्हणून ते बरोबर ठरत नाही.

मला तेव्हा मत नव्हतं, ग्रीन कार्ड होतं फक्त. आमच्या सोसायटीतल्या निम्म्या देशी घरांची तीच गत, टॅक्स भरतोय, मुलं इथल्या शाळेत, पण मत नाही. माझ्या नवऱ्याचं होतं. इथे मतदान केंद्रावर रांग वगैरे नसते, मतपत्रिका घरी पोस्टाने येते, डायनिंग टेबलावर बसून काळ्या पेनाने गोल भरायचे, पाकिटात घालायचं, त्यावर सही करायची, आणि पोस्टात नाहीतर रस्त्याकडेच्या ड्रॉप बॉक्समध्ये टाकायचं. सही रेकॉर्डशी जुळली नाही तर मत बाजूला ठेवतात आणि घरी पत्र येतं की दुरुस्त करा. नवऱ्याच्या सहीवर मी पहारा देत बसले होते, ते घाईत काहीही गिरगटतात!

७ नोव्हेंबरला रात्री सव्वाआठच्या सुमाराला पहिले आकडे आले, धिंग्रा पुढे, आणि शेवटी साधारण ५५-४५ ने जिंकल्या. सिनेट पलटली.

त्याने झालं काय? २०१८ च्या अधिवेशनात वर्षानुवर्षं अडलेली बिलं धडाधड पास झाली: राज्याचा मतदान हक्क कायदा, रायफल मशीनगनसारखी चालवणाऱ्या बम्प स्टॉकवर बंदी, मतदानाच्या दिवशीसुद्धा नावनोंदणी करायची सोय. सगळीच बिलं मला आवडली असं नाही, पण मत दिलं की काहीतरी हलतं हे मुलांना दाखवायला याच्याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही. धिंग्रा २०१८ ला आणि २०२२ ला आरामात निवडून आल्या. म्हणजे तुम्ही म्हणता तसं "निकाल ठरलेला" हे आत्ता आत्ताचं आहे, आणि फिंकबायनर, हिल यांच्यासारखी माणसं रिपब्लिकन पक्षाने परत उभी केली तर ते किती टिकेल कोण जाणे. मला तर वाटतं अशी माणसं यावीत, चुरस असली की दोन्ही पक्षांचे लोक दारावर येतात, आता फारसं कोणी येत नाही.

ही जागा पुढे नोव्हेंबर २०२६ ला आहे. इथल्या ज्या मैत्रिणी आत्ताच सिटिझन झाल्यात आणि "नाव नोंदवायचं राहिलं गं" म्हणतात त्यांच्यासाठी: ऑनलाइन नोंदणी मतदानाच्या आठ दिवस आधीपर्यंत चालते, तेही चुकलं तर मतदानाच्या दिवशी रात्री आठपर्यंत काउंटीच्या केंद्रावर स्वतः जाऊन नाव घालून तिथेच मत देता येतं, २०१८ च्या त्याच कायद्यामुळे.