घाई करा म्हणणारं ते खोटं घड्याळ

आमच्या लातूरकडं सोयाबीनचे पैसे हातात आले की लोक आता मोबाईलवरच खरेदी करायलेत, आणि काही ॲपवाले लगेच "फक्त 10 मिनिटं उरली" म्हणून घड्याळ लावून देतात. पेज बंद करून परत उघडा, घड्याळ पुन्हा पहिल्यापासून! ह्याला मार्केटिंग म्हणू नका, सरळ फसवणूक आहे ही, मला लई राग येतो. वर नको म्हणायचं बटण बारीक, फिकट, आणि न विचारता कार्टमध्ये इन्शुरन्स टाकलेला, म्हाताऱ्या माणसांनी कुठं बघायचं एवढं? 30 नोव्हेंबर 2023 ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं असल्या 13 डार्क पॅटर्नवर, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवायला ॲपमध्ये केलेल्या चलाख्यांवर, बंदी घातलीय, खोटी घाई यादीत पहिलीच. पण खेड्यात हे कुणी सांगितलंय का? स्क्रीनशॉट काढा आणि 1915 ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा, मराठीतसुद्धा तक्रार घेतात.