लाडक्या झाडांची यादी करताना

गेल्या वर्षी वटपौर्णिमेच्या आधी आमच्या तालुक्याच्या गावात काही जणांनी ठरवलं, यंदा वडाला दोरा गुंडाळून भागवायचं नाही. गावाच्या लाडक्या झाडांची यादी करायची, मापं घ्यायची, पाट्या लावायच्या. मीही त्यात पडले.

संगमनेर तालुक्यातल्या पेमगिरीचा वड किंवा वैराटगडाच्या पायथ्याचा म्हसव्याचा वड बघायला लोक लांबून येतात. आमच्याकडे तसं काही नाही. म्हणून मोठं झाड, जुनं झाड अशी अट न ठेवता एकच अट ठेवली: जो नाव सुचवेल त्याने झाड का लाडकं ते एका वाक्यात सांगायचं. नाहीतर पुण्य पदरात पडावं म्हणून सगळ्यांनी वड-पिंपळच लिहिले असते. स्टँडमागच्या पर्जन्यवृक्षासाठी चिठ्ठी आली, ‘एसटी चुकली की मी इथेच असतो.’ वेशीजवळच्या चिंचेला एका आजींनी मत दिलं, कारण त्यांच्या दोन्ही बाळंतपणांच्या डोहाळ्यांना तीच पुरली.

सगळ्यात जास्त चिठ्ठ्या मात्र शाळेच्या कुंपणाजवळच्या बुचाला. त्या फुलांचा लांबलचक पांढरा देठ असतो. मुली खाली पडलेली फुलं गोळा करून देठात देठ अडकवत वेणी घालतात, सुई-दोरा लागत नाही. गावातल्या पन्नाशीच्या बायकांनाही ती वेणी अजून न बघता घालता येते.

इथे वनखात्यातून निवृत्त झालेले एक काका बिथरले. बुच ब्रह्मदेशाकडचं, गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेतला. असली परकी झाडं कसली मिरवता? मुद्दा चुकीचा नव्हता. नवीन लावताना देशी झाडंच लावावीत, हे मलाही पटतं. पण पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या मावशी म्हणाल्या, ‘काका, मिरची तरी कुठे आपली? ठेचा सोडलात का?’ बुच यादीत राहिलं.

मापं घ्यायची पद्धत सोपी आहे. जमिनीपासून साडेचार फुटांवर टेप धरून घेर मोजायचा. वडाशी मात्र झटापट झाली, कारण पारंब्या खोडात अशा मुरल्यात की मूळ खोड कुठलं यावरच वाद. वयाचं तर विचारूच नका. घेरावरून वय काढणं म्हणजे अंदाजच, पाणी आणि माती बदलली की गणित फिरतं. भरवशाचे निघाले ते जुने फोटो: शाळेचे ग्रुप फोटो, लग्नाच्या वरातीचे. मागे झाड उभं असलं की तेवढ्या वर्षांचा पुरावा मिळाला.

टेप घेऊन जवळ गेल्यावर झाडांचे हाल दिसले. क्लासच्या जाहिराती, भाड्याने खोली, सगळं खिळ्यांनी ठोकलेलं. वर आलेले खिळे काढले, डबा भरला. जे सालीने गिळलेत ते तसेच ठेवले. ते उपटायला गेलं तर नवी जखम होते. आणि ज्या वडाला अख्खं गाव पुजतं त्याचीच अवस्था सगळ्यात वाईट! पाराला खोडापर्यंत सिमेंट, वर चकचकीत फरशी, त्यावर देणगीदाराचं नाव. मुळांना ना हवा ना पाणी. देणगीदारांच्या घरी दोनदा चहा झाला, तेव्हा कुठे तोडगा निघाला: नावाची फरशी पाराच्या बाहेरच्या कडेला लावायची आणि खोडाभोवतीची जागा मोकळी करायची.

त्यासाठी पालिकेत अर्ज नेला, तर टेबलावरच्या साहेबांनी विचारलं, ‘झाड तोडायचंय की फांद्या छाटायच्यात?’ तिसरा अर्ज त्यांच्याकडे नव्हताच. 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यात 2021 मध्ये दुरुस्ती झाली आणि 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज ट्री मानलं जाऊ लागलं, त्याची छापील प्रत जोडली. मग साध्या कागदावरचा अर्ज घेतला. आवक नंबर मात्र मागूनच घ्यावा लागला; तुम्ही कुठे असं काही करणार असाल तर तो घेतल्याशिवाय हलू नका. फरशी काढायची तोंडी परवानगी मिळाली, यादीचा विषय ‘पुढच्या बैठकीत’ आहे.

एक नाव आम्हाला गाळावं लागलं. एका वाड्यातला रायवळ आंबा. त्याच्या लोणच्याला जुन्या गावाची चव आहे. मालकांनी हात जोडले: ‘यादीत गेला की उद्या वाडा पाडताना अडकेन.’ परवानगी तशीही लागतेच, हे सांगून पाहिलं. ऐकलं नाही. भोसे गावचा वड लोकांनी आंदोलन करून महामार्गातून वाचवला होता, तो पुढे पावसात कोसळला. वाचवलेलं झाडही जातं, मग यादीचा धाक कशाला, असं मनात आलं, बोलले नाही. त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, सांगता येत नाही.

वटपौर्णिमेच्या सकाळी बायका नेहमीसारख्या आल्या. बाजारातून फांदी विकत आणू नका, एवढं आधीच सांगितलं होतं. बऱ्याच जणींनी ऐकलं. पाट्या जमिनीत रोवलेल्या खांबांवर लावल्या. बुचाच्या पाटीवर झाडाचं नाव, घेर आणि खाली पाचवीतल्या मुलीचं वाक्य आहे: ‘याची फुलं पायाखाली आली तर वाईट वाटतं.’ काकांनी त्याखाली ‘मूळ: ब्रह्मदेश’ लिहायला लावलंच.