पेंडनला जाताना दुर्बीण घ्या

जुन्या ब्रिटिश रेल्वेची मॉडेलं करणारं कुणी इंग्लंडला यायला निघालं की यॉर्कचं नॅशनल रेल्वे म्युझियम यादीत पहिलं असतं. बघाच ते. प्रवेश फुकट आहे आणि नावाजलेली इंजिनं हात लांब करावा इतक्या जवळ उभी असतात. पण घरी प्लायवूडवर रूळ ठोकून बसला असाल आणि हाताशी एकच मोकळा दिवस असेल, तर मी तुम्हाला ऑक्सफर्डशायरमधल्या लाँग विटनम या खेड्यात धाडेन. तिथल्या पेंडन म्युझियममध्ये मॉडेलंच आहेत, पण त्यांच्यातून जे शिकायला मिळतं ते खऱ्या इंजिनासमोर उभं राहून मिळत नाही.

मी रेडिंगला राहते. भुसावळचे माझे मामा आले होते, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना घेऊन गेले. खेळण्यातल्या गाड्या बघायला एवढ्या लांब कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं, म्हणून आधी खऱ्या गाड्यांचं आमिष दाखवलं. त्यामुळे क्रम आपोआप चांगला लागला: सकाळी डिडकोट रेल्वे सेंटर, दुपारी पेंडन. तुम्हीही असाच ठेवा.

लंडनच्या पॅडिंग्टनहून डिडकोट पार्कवेला जलद गाडी साधारण पाऊण तासात पोचते. लंडनच्या बस-मेट्रोचं ऑयस्टर कार्ड इथवर चालत नाही, तिकीट काढावं लागतं. दक्षिण-पूर्व इंग्लंडात तीन-चार फेऱ्या होणार असतील तर नेटवर्क रेलकार्डाचा हिशेब करून पाहा, भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते. दोन्ही ठिकाणं रोज उघडी नसतात. पेंडन मुख्यतः शनिवार-रविवारचं, आणि डिडकोटला वाफेची इंजिनं ठरावीक दिवशीच पेटवतात. दोघांच्याही तारखा आणि वेळा बघून मगच गाडीचं तिकीट काढा.

डिडकोटचं सेंटर स्टेशनला चिकटूनच आहे, भुयारी वाटेने थेट आत जाता येतं. ग्रेट वेस्टर्न रेल्वे या जुन्या कंपनीची 1932 सालची इंजिन शेड आणि कोळसा भरायचा उंच धक्का जागच्या जागी आहेत, इंजिन फिरवायचं टर्नटेबलही आहे. 1967 पासून ग्रेट वेस्टर्न सोसायटीची मंडळी ते सांभाळतात. ग्रेट वेस्टर्नचा इंजिनियर ब्रुनेल याच्या ब्रॉडगेजचा तुकडाही इथे टाकून ठेवला आहे: रुळांमध्ये 7 फूट आणि वर पाव इंच. आपल्या साडेपाच फुटांवर आयुष्य काढलेले मामा तिथे बराच वेळ वाकून उभे होते. "एवढं रुंद घालून परत काढलं?" काढलं खरं. 1892 च्या मे महिन्यात उरलासुरला ब्रॉडगेज मार्गही 4 फूट साडेआठ इंचांवर आणला.

मॉडेल करणाऱ्याने इथे इंजिनांचे देखणे फोटो काढत बसू नये, ते कुठेही मिळतात. खाली वाका. ब्रेकचे दांडे, स्प्रिंगा, चाकांच्या आऱ्यांवर साचलेलं तेल आणि धूळ यांचे फोटो घ्या. शेडमधल्या जमिनीचा घ्या, कारण ती काळी नसते. राख, तेल आणि कोळशाची भुकटी मिळून तिचा एक वेगळाच करडा-तपकिरी रंग होतो. आणि डब्यांचे टप पाहा. टेबलावरची गाडी आपण कायम वरून बघतो, तरी सगळे जण रंगवत बसतात बाजू! ग्रेट वेस्टर्नच्या डब्यांचे टप नवे असताना पांढरे असत आणि धुराने करडे पडत जात. गाडीतले सगळे डबे सारखेच करडे केलेत की ती खोटी दिसते.

डिडकोटहून लाँग विटनम सहाएक किलोमीटर. बसच्या भरवशावर निघू नका, विशेषतः रविवारी. टॅक्सी करा आणि परत न्यायची वेळ त्याच ड्रायव्हरशी ठरवून ठेवा. खेड्यात रस्त्यावर उभं राहून टॅक्सी मिळत नाही. पाऊस नसेल आणि पाय चांगले असतील तर चालत जाण्यासारखं अंतर आहे, पण मग डिडकोटला कमी वेळ द्या.

आता पेंडन. रॉय इंग्लंड नावाचा तरुण 1925 साली ऑस्ट्रेलियातून आला तो ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या ओढीने. स्विंडनच्या आसपास हिंडताना त्याच्या लक्षात आलं, की व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स या खोऱ्यातली गवताने शाकारलेली जुनी घरं डोळ्यांदेखत बदलताहेत, पडताहेत. त्याने ती मोजायला घेतली आणि एका फुटाला 4 मिलिमीटर या प्रमाणात पुठ्ठ्याची करायला घेतली. 1954 मध्ये म्युझियम उघडलं. 1995 मध्ये तो गेला, पण स्वयंसेवक अजून घरं करताहेत, आणि एकेका घरापाठी वर्षं जातात.

काचेपलीकडे पेंडन पार्वा हे गाव पसरलेलं आहे. गाव काल्पनिक, पण त्यातली घरं खोऱ्यात खरोखर उभी असलेली, वेगवेगळ्या खेड्यांतून गोळा केलेली. भिंती पुठ्ठ्याच्या, विटा कोरून एकेक रंगवलेल्या. छपराच्या गवतासाठी नळाच्या आट्यांना गुंडाळतात तसले तंतू वापरलेत. परसात कोबीचे गड्डे आहेत. रेल्वे या सगळ्याच्या कडेने जाते आणि काही वेळ तर दिसतही नाही. मला तेच सर्वांत शिकण्यासारखं वाटलं. आपण टेबलाचा इंच न् इंच रुळांनी भरतो आणि उरलेल्या कोपऱ्यात घर बसवतो. इथे आधी शेतं, मग रस्ता, मग घरं, आणि गाडी या सगळ्यातून वाट काढत येते, म्हणून ती कुठून तरी कुठे तरी निघालेली वाटते.

छोटी दुर्बीण न्या, जवळचं स्पष्ट दिसणारी. मागच्या रांगेतल्या घरांच्या खिडक्यांतले पडदे डोळ्यांना दिसत नाहीत, दुर्बिणीतून दिसतात. फोटोचे नियम दारातच विचारून घ्या. फ्लॅश मारला तर काचेवर तुमचाच चेहरा येईल.

मामांनी दुर्बीण घेतली ती मात्र घरांसाठी नव्हे. "सिग्नल पडला बघ," ते म्हणाले, "आता गाडी येते." आणि आली. ग्रेट वेस्टर्नच्या सिग्नलचा हात गाडीला वाट देताना खाली झुकतो, आपल्याकडच्या जुन्या सिग्नलांसारखा. 1920 च्या दशकापासून ब्रिटनमधल्या बाकीच्या मोठ्या कंपन्या हात वर उचलणाऱ्या सिग्नलांकडे वळल्या. ग्रेट वेस्टर्न शेवटपर्यंत हटली नाही. म्हणजे दुकानातला तयार सिग्नल घेताना त्याचा हात कुठे जातो ते आधी बघायचं. सिग्नलच्या हाताविषयी स्वयंसेवकाला विचारलं तर तो हातातलं काम सोडून मामांजवळ येऊन बसला. इथल्या लोकांना मुद्द्याचे प्रश्न विचारा, वेळ हातचा न राखता देतात.

नैऋत्य इंग्लंडातल्या डार्टमूर माळरानाचा देखावा वेगळ्या दालनात आहे. त्यातला ब्रुनेलच्या पद्धतीचा लाकडी पूल चुकवू नका. असले पूल डेव्हन-कॉर्नवॉलमध्ये एके काळी कितीतरी होते, शेवटचा 1934 मध्ये बदलला. जॉन अहर्न यांनी केलेली मॅडर व्हॅली ही मॉडेल रेल्वेही इथेच ठेवली आहे. 1930 च्या दशकात, रुळांभोवती अख्खा मुलूख उभा करायचा ही गोष्ट नवी असताना त्यांनी ती सुरू केली. पेंडननंतर ती जरा ओबडधोबड दिसते, पण मला तिच्यात मजा जास्त वाटली. ती रोज चालवत नाहीत.

थोडं मापांविषयी. दुकानातलं ब्रिटिश मॉडेल बहुतेक ओओ गेजचं असतं: गाडी फुटाला 4 मिलिमीटर, पण रूळ 16.5 मिलिमीटरवर. हिशेबाने 18.83 हवेत. ब्रिटिश इंजिनं आकाराने लहान, त्या काळच्या मोटरी त्यांच्यात मावेनात, म्हणून गाडी रुळांच्या मानाने मोठी केली आणि रूळ 16.5 वरच ठेवले. पेंडनमध्ये रूळ 18 मिलिमीटरवर आहेत. गाडी समोरून येताना तिच्याकडे बघा. फरक लगेच कळतो आणि मग घरच्या गाड्या थोड्या दिवस बघवत नाहीत. याच हिशेबाने बोरीबंदर-ठाणे मार्गाला 22 मिलिमीटर लागतील, तेव्हा ब्रिटिश रुळांवर जीआयपीचं (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचं) स्टेशन उभं करायचा विचार असेल तर रूळ स्वतः करायची तयारी ठेवा. माथेरानचं सोपं आहे. दोन फुटांचे होतात 8 मिलिमीटर, आणि ओओ-9 नावाने 9 मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. तेवढं चालवून घेता येतं.

खरेदी शक्यतो सेकंड-हँड करा. गावोगावच्या हॉलमध्ये शनिवार-रविवारी प्रदर्शनं भरतात, तिथल्या टेबलांवर. इंजिन चालवून दाखवा म्हणा, बहुतेक विक्रेते दाखवतात. युद्धाआधीच्या मॉडेलांतले जस्ताचे ओतीव भाग आतून फुगून तडकतात, तडे दिसले की खाली ठेवा. पर्यटकांना व्हॅट परत मिळायची सोय 2021 पासून बंद झाली आहे, त्या आशेवर महाग वस्तू घेऊ नका. इंजिन मूळ खोक्यात घालून हातातल्या बॅगेत ठेवा, कटर आणि सुऱ्या मोठ्या बॅगेत. एनॅमल रंग आणि त्यांचं थिनर विमानात कुठेच चालत नाही. पाण्याचे ॲक्रिलिक रंग घ्या.

खिशात एक लहानसं चुंबक असू द्या. जुन्या पेट्यांमधले रूळ पुष्कळदा लोखंडी असतात आणि आपल्याकडच्या एका पावसाळ्यात गंजतात. निकेल सिल्व्हरच्या रुळांना चुंबक चिकटत नाही, ते घ्या. मामांनी प्रत्येक टेबलावर चुंबक लावून बघितलं. विक्रेत्यांना त्याचा राग येत नाही.